गरुडाचं म्हणून नोंदलेलं हाड निघालं गिधाडाचं! ऑस्ट्रेलियातली गिधाडं कशी संपली?

अंटार्क्टिका सोडलं तर आज गिधाड नसलेला खंड एकच, तो म्हणजे ऑस्ट्रेलिया. पण हजारो वर्षांपूर्वी तिथेही गिधाडं होती. ते पक्कं कळायला मात्र शंभरहून जास्त वर्षं लागली.

१९०१ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियात वॉरबर्टन नदीकाठी, कालामुरिना इथे पंखाच्या हाडाचा तुकडा सापडला. १९०५ मध्ये चार्ल्स डी व्हिस यांनी तो गरुडाचा म्हणून नोंदवला. पुढे वेलिंग्टनच्या गुहांत आणि नलारबॉरच्या माळावरील गुहेत आणखी हाडं मिळाली. फ्लिंडर्स विद्यापीठाच्या एलेन मॅथर आणि सहकाऱ्यांनी ही सगळी हाडं एकमेकांशी ताडून पाहिली आणि २०२२ मध्ये जाहीर केलं, की हे गिधाड आहे. नाव ठेवलं क्रिप्टोगिप्स, म्हणजे लपलेलं गिधाड.

हे ओळखलं कसं? पायाच्या हाडावरून. गरुड जिवंत भक्ष्य पायात आवळून मारतो, म्हणून त्याच्या पायाचे स्नायू दणकट असतात. स्नायू जिथे चिकटतात तिथे हाडावर तशा खुणा राहतात. मेलेलं खाणाऱ्या गिधाडाला एवढ्या ताकदीचं काम नसतं. या हाडांवर त्या खुणा कमजोर दिसल्या.

मग ते संपलं कसं? त्या काळी तिथे डायप्रोटोडॉनसारखे गेंड्याएवढे प्राणी चरत होते. सुमारे ४० ते ५० हजार वर्षांपूर्वी असे बहुतेक मोठे प्राणी नाहीसे झाले. मोठं मढंच मिळेना, तेव्हा गिधाडाची उपासमार झाली असावी, असं संशोधकांचं म्हणणं आहे.

आपल्याकडे उलटं घडलं. मेलेली जनावरं भरपूर होती, पण त्यांच्या मांसात डायक्लोफेनॅक हे दुखण्यावरचं औषध उतरलेलं असायचं. ते खाऊन गिधाडांची मूत्रपिंडं निकामी झाली. १९९० नंतरच्या दीड दशकात देशातली पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९ टक्क्यांहून अधिक घटली. जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर २००६ मध्ये, तर अॅसिक्लोफेनॅक आणि किटोप्रोफेनवर २०२३ मध्ये बंदी आली.

त्यामुळे पशुपालकांनी दुकानातून परस्पर इंजेक्शन आणू नये. गिधाडांना सुरक्षित असलेलं मेलॉक्सिकॅम चालेल का, हे पशुवैद्यकांना विचारावं. औषधोपचार सुरू असताना जनावर दगावलं, तर उघड्यावर न टाकता खोल पुरावं.