पाऊण किलोवरून किलोचा भाव

माल आणि पैसे, अंतर आणि वेळ, जमीन आणि पीक अशा दोन राशी जोडीने येतात, तेव्हा एका राशीच्या एका एककामागे दुसरी किती, हे सांगणारी संख्या म्हणजे एकमान दर. किलोचा भाव, मीटरचा दर, गाडीचा ताशी वेग, शेताचा एकरी उतारा हे सगळे एकमान दरच. माल पूर्ण संख्येत असला की हिशेब सरळ असतो: चार किलो कांद्याचे १२० रुपये झाले, तर किलोला ३०. पण भाजी पाव किलोने घेतली जाते, कापड पावणेदोन मीटर लागते, काम पाऊण तासात उरकते. तिथे भागाकार अपूर्णांकाने करावा लागतो आणि नेमका तिथेच अनेकांचा अंदाज चुकतो.

पाऊण किलो द्राक्षांना ६६ रुपये पडले, तर किलोचा भाव काय? पाऊण किलोत तीन पाव असतात. तीन पावांचे ६६, म्हणून एका पावाचे २२. किलोत चार पाव, म्हणून किलोला ८८ रुपये. इथे आधी तीनाने भागले आणि मग चाराने गुणले. शाळेत ‘अपूर्णांकाने भागताना तो उलटा करून गुणा’ असे पाठ करून घेतात. त्या नियमात याहून वेगळे काहीच नाही. तीनाने भागून मालाचा सर्वांत सोयीचा तुकडा हाती येतो, चाराने गुणून त्या तुकड्यांचे पूर्ण एकक बनते. हा अर्थ कळलेल्या मुलाला उलटे काय करायचे आणि सुलटे काय ठेवायचे, हे लक्षात ठेवावे लागत नाही.

पाऊण किलो म्हणजे किलोला पाव कमी, तेव्हा ६६ रुपयांत त्यांचाच चौथा हिस्सा, म्हणजे साडेसोळा रुपये, मिळवले की झाले, असे पटकन वाटते. उत्तर येते ८२ रुपये ५० पैसे, आणि ते चूक असते. कमी पडणारा पाव हा पूर्ण किलोचा चौथा हिस्सा आहे, पण हातात आहे त्या पाऊण किलोचा तो तिसरा हिस्सा होतो. म्हणून ६६ चा तिसरा हिस्सा, २२, मिळवायचा. सव्वाचेही तसेच. सव्वा किलोत पाव जास्त असला, तरी तो सव्वा किलोचा पाचवा हिस्सा असतो. सव्वा किलोचे १५० रुपये झाले असतील, तर ३० वजा करून किलोला १२० येतात. दीड किलोच्या किमतीतून तिसरा हिस्सा काढायचा. अडीचाला तर फारच सोपी वाट आहे: चौपट करायची आणि दहाने भागायचे. अडीच मीटर कापडाचे ४५० रुपये, चौपट १८००, म्हणून मीटरला १८०. पावणेदोन मीटरचे ३१५ रुपये असतील, तर सात पावांचे ३१५, एका पावाचे ४५, चार पावांचे पुन्हा १८० रुपयेच.

जुन्या मराठी शाळांत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी म्हणजे साडेतीनाचे पाढे पाठ करून घेत. अपूर्णांकांतला व्यवहार तोंडी करण्याची ती फार मोलाची तयारी होती. मात्र पाढा गुणाकाराचा असतो. दर माहीत असला की तो किंमत सांगतो. किमतीवरून दर काढताना तोच पाढा उलटा वाचावा लागतो. ६६ हे पाऊणकीत कितव्या घरात येतात? ८८ व्या. एवढा लांबचा पाढा कुणालाच पाठ नसतो, म्हणून तुकडे करून हिशेब करण्याला पर्याय नाही.

नाण्यांची आणि वजनांची रचनाही पूर्वी या हिशेबाला साथ देत असे. रुपयाचे १६ आणे आणि शेराचे छटाकही १६. त्यामुळे शेराला जितके रुपये, तितकेच आणे छटाकाला. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर पैसे झाले आणि पुढच्या काही वर्षांत शेर जाऊन किलो आला. आता तसाच मेळ दशांशात साधतो: किलोला १२० रुपये, तर शंभर ग्रॅमला १२.

दोन्ही राशी अपूर्णांकांत असल्या तरी रीत बदलत नाही. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास लिहिलेल्या ‘लीलावती’त त्रैराशिकाचे, म्हणजे तीन माहीत संख्यांवरून चौथी काढण्याचे, एक उदाहरण केशराचे आहे: ३/७ निष्काला अडीच पळे केशर मिळते (निष्क हे जुने नाणे, पळ हे जुने वजन), तर ९ निष्कांना किती? एकमान रीतीने आधी एका निष्काला किती ते काढायचे. तीन सप्तमांशांना अडीच पळे, तर एका सप्तमांशाला ५/६ पळ, आणि सात सप्तमांशांना ३५/६, म्हणजे पाच पूर्णांक पाच षष्ठांश पळे. त्याची नऊपट साडेबावन्न पळे. पळाचे चार कर्ष, म्हणून ५२ पळे २ कर्ष. त्रैराशिकात मात्र आधी अडीच गुणिले नऊ करतात आणि भागाकार शेवटी ठेवतात, त्यामुळे मधला अवघड अपूर्णांक टळतो. एकच उत्तर हवे असेल तर त्रैराशिक सुटसुटीत. पण दोन दुकानांची, दोन शेतांची तुलना करायची असेल, तर एकमान दराला तोड नाही.

शेताचे उदाहरण घेऊ. पाऊण एकरात साडेसात क्विंटल सोयाबीन झाले. साडेसात भागिले तीन, अडीच. गुणिले चार, एकरी दहा क्विंटल. अपूर्णांक नकोच असेल, तर एकक लहान करावे. एकराचे ४० गुंठे, म्हणून पाऊण एकर म्हणजे ३० गुंठे; साडेसात क्विंटल म्हणजे ७५० किलो. गुंठ्याला २५ किलो, एकराला हजार किलो. उत्तर पडताळून पाहण्यासाठी ही दुसरी वाट फार चांगली.

कशामागे काय काढायचे, हे गरजेवर ठरते. एखादी व्यक्ती अडीच किलोमीटर पाऊण तासात चालली, तर तिचा वेग तासाला ३ १/३ किलोमीटर. हेच उलट भागले, तर किलोमीटरला ३/१० तास, म्हणजे १८ मिनिटे. बसथांबा दोन किलोमीटरवर असेल तेव्हा दुसरा दर जास्त कामाचा: ३६ मिनिटे आधी निघायचे.

पाकीटबंद मालावर आता एककाची किंमत छापलेली असते. अशा मालाच्या नियमांतील दुरुस्तीनुसार वजनाने विकला जाणारा माल किलोहून कमी असेल तर ग्रॅममागे आणि जास्त असेल तर किलोमागे दर द्यावा लागतो. समजा, चहाच्या ७५० ग्रॅमच्या पाकिटाला ३६० रुपये आहेत आणि दीड किलोच्या पाकिटाला ६७५. पहिल्यावर ग्रॅमला ०.४८ रुपये दिसेल, दुसऱ्यावर किलोला ४५०. पहिला आकडा हजाराने गुणल्याशिवाय तुलना होत नाही. गुणला की ४८० येतात. स्वस्त मालात आणखी जपावे लागते. ग्रॅमचा दर दोन दशांश स्थळांपर्यंतच्या आसन्न मूल्यात असतो, त्यामुळे पाचशे ग्रॅमच्या २७ रुपयांच्या पाकिटाचा खरा दर ०.०५४ असला तरी छापला जातो ०.०५. किलोमागे ५४ चे ५० दिसतात.

सगळीकडे दर एकसारखा राहतोच असेही नाही. मुंबईत फेब्रुवारी २०२५ पासून रिक्षाचे किमान भाडे पहिल्या दीड किलोमीटरला २६ रुपये झाले. पूर्ण दीड किलोमीटर गेले, तर किलोमीटरला सुमारे १७ रुपये ३३ पैसे. पाऊण किलोमीटरलाच उतरले, तर तेच भाडे किलोमीटरला ३४ रुपये ६७ पैसे पडते.

दोन दरांची सरासरी काढताना तर नेहमी घात होतो. अर्धा किलो टोमॅटो ८० रुपये किलोने आणि दीड किलो ६० रुपये किलोने घेतले, तर सरासरी ७० नव्हे. पहिल्यांचे ४० रुपये, दुसऱ्यांचे ९०, एकूण दोन किलोचे १३०. म्हणजे किलोला ६५. दोन्ही वेळा माल सारखाच घेतला असता, तरच ७० बरोबर ठरले असते.