ठाण्यास राहिलेला फ्रेंच यति

वास्को द गामा कालिकतास उतरला तो १४९८ सालीं. परंतु तत्पूर्वीं पावणेदोनशें वर्षें ठाण्याचें नांव युरोपांतील मठांत जाऊन पोंचलें होतें. त्यास कारण जॉर्डानस नांवाचा डोमिनिकन पंथाचा एक फ्रेंच यति. १३२१ सालीं तो चार फ्रान्सिस्कन यतींसह येथें आला. तेव्हां ठाण्यावर दिल्लीच्या सुलतानाचा अंमल होता. जॉर्डानस भडोचच्या वाटेवर असतां मागें काजीपुढें धर्मविषयक वाद माजला आणि एप्रिल महिन्यांत त्या चौघांचा वध झाला. तें वर्तमान ऐकून तो परतला व त्यांचे देह त्यानें सोपाऱ्यास नेऊन पुरले.

पुढें ओडोरिक नांवाचा इटालियन यति आला. त्यानें त्या अस्थि थेट चीनपर्यंत नेल्या. ठाण्याचे उंदीर कुत्र्याएवढे असतात, असें त्यानें लिहून ठेविलें आहे. ज्यांनीं आपल्या परसांत घूस पाहिली आहे, त्यांस हें अगदींच खोटें वाटणार नाहीं!

परंतु जॉर्डानसाची योग्यता मला अधिक वाटते, कारण तो एकटा मागें राहिला. ठाण्याहून धाडिलेल्या पत्रांत त्यानें आपलें एकटेपण, चांच्यांनीं केलेली धरपकड आणि तुरुंगवास वर्णिला आहे. इतकें सोसूनहि 'मिराबिलिया डिस्क्रिप्टा' या आपल्या लॅटिन ग्रंथांत तो इकडील लोक आहारांत शुचि, वाणीनें सत्यनिष्ठ व न्यायप्रिय असल्याचें नमूद करतो. एक फणस पांच जणांस पुरतो, म्हणतो. आंब्याच्या गोडीस मात्र त्याजपाशीं शब्द नाहींत. १३२९ सालीं पोपनें ज्यास कोल्लमचा बिशप नेमिलें, तो हाच.