पाहुण्यांना थंडा की ताक?

एप्रिल उजाडला की आमच्या निगडीत, ओटास्कीमपासून यमुनानगरपर्यंत, कोणाच्याही घरी गेलात तरी एक दृश्य हमखास दिसते. पाहुणा दारात चप्पल काढतो न काढतो तोच घरातल्या पोराच्या हातात नोट पडते. "पळ, मोठी बाटली घेऊन ये." घरात माठाचे पाणी असते, दही असते, लिंबे असतात. पण ते पाहुण्यापुढे कसे ठेवायचे? कमीपणा वाटतो!

हा कमीपणा कोठून आला ते मला ठाऊक आहे. आमच्या लहानपणी गोल्डस्पॉटची बाटली लग्नात मिळाली तर मिळायची, तीही दोघा भावंडांत एक. कोका-कोला १९७७ साली देशातून गेली, १९९३ साली परतली आणि थम्सअप, लिम्का, गोल्डस्पॉट हे पार्लेचे ब्रँड तिने विकत घेतले. पुढे प्लॅस्टिकच्या मोठ्या बाटल्या किराणा दुकानात आल्या. ज्या घरांनी वर्षानुवर्षे बाटलीकडे लांबूनच पाहिले, त्यांना ती परवडू लागली आणि मानाची वस्तू झाली. यात हसण्यासारखे काही नाही.

पण मी पडलो हिशेबाचा माणूस. बाटलीवरचा बारीक मजकूर वाचायची मला खोड आहे. कोलाच्या १०० मिलिलिटरमागे साधारण १० ते ११ ग्रॅम साखर असते. म्हणजे २ लिटरच्या बाटलीत २०० ग्रॅमहून जास्त, आणि २५० मिलिलिटरच्या एका ग्लासात सहा चमचे! चहात कोणी सहा चमचे घातले तर आपण कप परत पाठवू. गारव्यात आणि आंबटपणात ती गोडी जिभेला तितकी कळत नाही, एवढेच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले की वरून घातलेली साखर दिवसाच्या उष्मांकाच्या १० टक्क्यांच्या आत, जमल्यास ५ टक्क्यांच्या आत ठेवावी. ५ टक्के म्हणजे सुमारे २५ ग्रॅम. एका ग्लासात दिवस संपला.

माझे दाजी कारखान्यात रात्रपाळी करतात. चार वर्षांपूर्वी त्यांना मधुमेह निघाला. चहातली साखर त्याच दिवशी बंद. पण रात्री दोनला झोप येऊ नये म्हणून कोलाची बाटली चालूच! मी विचारले तर म्हणाले, "अरे, साखर कुठं खातोय मी?" ते खोटे बोलत नव्हते. पेयातली साखर त्यांच्या हिशेबातच नव्हती. आता ताई डब्याबरोबर ताक देते, झोपेसाठी बिनसाखरेचा काळा चहा. बाटली बरीचशी सुटली. पगाराच्या दिवशी अजून एक होते, हे ताईला माहीत आहे.

ताकात मीठ बेताचे घालावे, रक्तदाब असेल तर घालूच नये. जिरेपूड, कोथिंबीर पुरते. ज्वारीचे पीठ ताकात भिजवून शिजवलेली आंबील आजीच्या हातची आठवते. तहानही भागते आणि पोटालाही आधार होतो. कोकमाचे आगळ घ्यावे, तयार गोड सिरप नको. मात्र गुळाचे पन्हे, उसाचा रस, डब्यातला फळांचा रस यांना 'नैसर्गिक' म्हणून मोकळीक देऊ नका. गूळही साखरच आहे.

आणि साधे पाणी? पवनेचे पाणी शुद्ध होऊन शहराला जाते ते आपल्याच निगडीच्या सेक्टर २३ मधल्या केंद्रातून. त्याच निगडीत आपण पाहुण्याला पाणी द्यायला लाजतो!

गेल्या वर्षी १४ एप्रिलला आमच्या चौकात आम्ही थंड्याऐवजी ताक ठेवले. पहिल्या तासाला पोरांनी "थंडा नाही का?" म्हणून तोंडे फिरवली. दुपारी ऊन तापल्यावर पातेले दोनदा भरावे लागले. यंदा ज्यांना असे करायचे आहे त्यांनी बाजारातला बर्फ ताकात टाकू नये, तो पिण्याच्या पाण्याचा असेलच असे नाही. ताक आदल्या रात्री माठात भरून माठाला ओले फडके गुंडाळावे. आणि ग्लास घरूनच स्टीलचे आणावेत.