घरबसल्या काम शोधतांना

आपल्या भंडारा जिल्ह्यांत घरीं बसून मजुरी मिळविण्याची रीत जुनीच आहे. ठेकेदारानें तेंदूपानें व तंबाखू पुरवावा, बायांनीं विड्या वळून मोजून द्याव्या. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्यानें घरीं वळणारांसही कामगार मानिलें. छाटीवरून कुरबुर होई. परंतु "काम हवें तर आधीं पैसे भरा" असें म्हणणाऱ्यास सानगडीच्या बायांनीं दारांतही उभें केलें नसतें!

मोबाईलवर मात्र हें शहाणपण आपण विसरतों. नोंदणी, प्रशिक्षण किंवा अनामत यांसाठीं पैसे मागणारी नोकरी ही नोकरीच नव्हे.

खरें काम भाषांतराचें, शिकवणीचें, हिशेबाचें असतें, व त्यास कौशल्य लागतें. केंद्र सरकारच्या नॅशनल करिअर सर्व्हिस या २०१५ सालच्या संकेतस्थळावर नांव विनामूल्य नोंदवितां येतें. जाहिरात कोठेंही दिसो, ती त्या कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर पडताळावी. अर्ज अर्ध्या पानाचा, शुद्ध असावा. सोबत आपल्या कामाचा नमुना जोडावा. वेतन व तास लेखी घ्यावे. ओ.टी.पी. कोणासही देऊं नये, आणि पैसे मिळण्यासाठीं यूपीआयचा पिन कधींच लागत नाहीं.

माझ्या एका माजी विद्यार्थ्यास चित्रफितींना पसंती देण्याबद्दल प्रथम दीडशें रुपये मिळाले. मग 'मोठ्या कामा'साठीं त्यानें घरच्या धानाचे पैसे भरले, ते गेले. लाजेनें तो महिनाभर गप्प राहिला. त्याच दिवशीं त्यानें १९३० या क्रमांकावर कळविलें असतें, तर रक्कम खात्यांतून पुढें जाण्यापूर्वीं कदाचित् अडवितां आली असती.