सरकारी वकिलाची सौम्यता

फौजदारी खटल्यांत फिर्याद सरकारची असते; ज्याचा भाऊ मारला गेला तो इसम केवळ साक्षीदार. त्याची बाजू न्यायासनापुढें मांडावयाची ती सरकारी वकिलानें. हा वकीलच जामिनास हरकत घेईना, फितूर झालेल्या साक्षीदारास दोनच प्रश्न विचारून खालीं बसला, तर गांवांत कुजबुज सुरू होते. अमेरिकेंत हें पद बहुतेक ठिकाणीं निवडणुकीनें भरतात. म्हणून सान फ्रान्सिस्कोच्या मतदारांनीं जून 2022 मध्यें चेसा बौडिन या सरकारी वकिलास, गुन्हेगारांशीं सौम्य म्हणून, मुदतीपूर्वींच घरीं पाठविलें. आपल्याकडे नेमणूक सरकारची. मतदाराच्या हातीं तसलें शस्त्र नाहीं, आणि नाहीं तेंच बरें. मतांना भिणारा वकील निरपराध्यास सोडावयासही कचरेल.

परंतु कुजबुज करणाऱ्यांनीं आधीं एक विचारावें: ही सौम्यता कोणाशीं? नंदुरबार जिल्ह्यांत 2011 च्या शिरगणतीप्रमाणें शेंकडा 69 लोक अनुसूचित जमातींचे आहेत. पोटासाठीं शेतांतलीं कणसें तोडणाऱ्या भिल्ल मजुराविषयीं वकिलानें हात आंखडता घेतला, तर तो विवेकच म्हणावा. उलट, 1971 च्या मे महिन्यांत शहादे तालुक्यांतील पाटीलवाडी येथें जमीनदारांच्या बाजूनें आदिवासी मजुरांवर गोळ्या झाडल्या गेल्या. तशा प्रसंगीं हात आंखडला, तर सौम्यता या शब्दाचा अर्थच पालटतो. पीकसंरक्षणाच्या नांवाखालीं मजुरांस दटावलें जातें, ही त्या भागांतली तेव्हांची नित्याची तक्रार होती, आणि 1972 मध्यें तेथें श्रमिक संघटना उभी राहिली ती अशाच अनुभवांतून.

कायद्याच्या दृष्टीनें सरकारी वकील सूड घेणारा नव्हे. तो न्यायालयाचा सहायक. आरोपीस अनुकूल असा पुरावाही त्यानें दडवावयाचा नाहीं. तो पोलिसांचा नोकरही नव्हे: महाराष्ट्रांतील असिस्टंट पब्लिक प्रॉसिक्यूटर पोलीसखात्याच्या ताब्यांतून मोकळे करावेत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयास 1995 मध्यें द्यावा लागला. खटला मागें घेण्याचा अधिकार त्याचाच. पण तो स्वतःच्या बुद्धीनें आणि न्यायालयाच्या संमतीनें, सरकारनें कान फुंकले म्हणून नव्हे. केरळच्या विधानसभेंत 2015 सालीं आमदारांनीं केलेल्या मोडतोडीचा खटला मागें घेऊं देण्यास सर्वोच्च न्यायालयानें 2021 मध्यें साफ नकार दिला. पुढें 1 जुलै 2024 रोजीं, योगायोगानें नंदुरबार जिल्ह्याच्या सव्विसाव्या वाढदिवशींच, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता अंमलांत आली. तिच्या 360 व्या कलमान्वयें पीडिताचें म्हणणें ऐकल्यावांचून न्यायालयास अशी संमति देतां येत नाहीं.

खरी अडचण याच्या पलीकडची आहे. खटला मागें घ्यावयाचा तर अर्ज होतो, कारणें सांगावीं लागतात, त्यांवर टीका करतां येते. न विचारलेल्या प्रश्नाची मात्र कोठेंच नोंद होत नाहीं. आरोपी सुटल्यास अपील करण्याचा हक्क पीडितास 2009 च्या अखेरीस मिळाला. अनुसूचित जाति-जमातींवरील अत्याचाराच्या खटल्यांत 2016 पासून जामिनाच्या वेळींही त्यास नोटीस द्यावी लागते. ही नोटीस धडगांवकडील डोंगरांतल्या एखाद्या पाड्यावर जाते तेव्हां ती मराठींत असते आणि घरांतली बोली पावरी. वाचून दाखविणारा मास्तर भेटला, तरी सातपुडा उतरून कोर्टापर्यंत येण्यांत एका दिवसाची मजुरी बुडते, आणि तारीख पुढें गेली कीं तोच फेरा पुन्हां. एखाद्या तारखेस तो आलाच नाहीं, आणि वकिलानेंही हरकत घेतली नाहीं, तर संध्याकाळपर्यंत जामिनाचा हुकूम होऊन गेलेला असण्याचा संभव असतो.