खोडदचं आकाश आणि गावचं वाचनालय

खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीवर आजवर पुष्कळ लिहून आलं आहे. मला जाणून घ्यायचं होतं ते एवढंच, की तिनं टिपलेलं ज्ञान शेजारच्या वारूळवाडीतल्या पोराला फुकट वाचता येतं का? येतं. ते कुठे सापडतं, हे सांगणारा ग्रंथपाल मात्र हवा.

जीएमआरटीची कल्पना खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांची. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, १४ मध्यभागी जवळजवळ आणि १६ तीन दिशांना पांगलेल्या. २०१० ते २०१२ मध्ये या तबकड्यांनी १५० मेगाहर्ट्झवर आकाश पिंजून काढलं. ही निरीक्षणं पुढे सर्वांना खुली झाली, म्हणून हुईब इंटेमा आणि सहकाऱ्यांना ती नव्यानं तपासता आली. त्यातून ६ लाखांहून अधिक रेडिओ स्रोतांची यादी तयार झाली.

या यादीवरचा निबंध २०१७ साली नियतकालिकात छापून आला. पण आर्काइव्ह या खुल्या भांडारात तो आधीच होता. क्रमांक १६०३.०४३६८, म्हणजे २०१६ चा मार्च. प्रकाशकानं पैसे मागितले, तर निबंधाचं शीर्षक तिथे शोधून पाहावं. खगोलशास्त्रातल्या बहुतेक निबंधांची प्रत मिळते. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटच्या 'शोधगंगा'वर मराठीतले प्रबंधही असेच वाचता येतात. ही युक्ती ग्रंथपालानं एकदा हाताला धरून दाखवली, की पोरं पुढचं स्वतः शोधतात.

अडचणी इथून सुरू होतात. नियतकालिकांच्या वर्गणीसाठीची केंद्राची 'एक देश, एक वर्गणी' योजना तीन वर्षांसाठी ६,००० कोटींची. पण ती सरकारी उच्चशिक्षण आणि संशोधन संस्थांसाठी आहे. गावच्या वाचनालयाला तिच्यात जागा नाही. खुल्या प्रकाशनाच्या नावाखाली पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिकंही बोकाळली आहेत; डीओएजे ही खुल्या नियतकालिकांची यादी पाहिल्याशिवाय वाचकाला नाव सुचवू नये. शिवाय बहुतेक मजकूर इंग्रजीत.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती दाखल नोंदवहीची. फुकट निबंधाला ना बिल, ना दाखलअंक. वाचनालयाचा अ, ब, क, ड वर्ग ठरतो तेव्हा कपाटातली पुस्तकं मोजली जातात. वाचकाला शोधून दिलेला निबंध कुठेच धरला जात नाही. मग ग्रंथपालानं त्यात वेळ का घालावा? खुल्या निबंधाची मराठीत लिहिलेली चार ओळींची ओळख हीसुद्धा संग्रहातली भर मानली पाहिजे, आणि तपासणीत तिचे गुण मिळाले पाहिजेत.