सिक्स नेशन्स: दोनशे सत्तर रुपयांचा कप आणि बंद दार

हे या भागाचं लेखी रूप. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'बघा' जरा कमी केलेत, सगळे नाही काढलेले. इअरफोन चार्ज नसतील तर वाचून काढा.

फेब्रुवारी लागला की इन्स्टाग्रामवर ती रील्स सुरू होतात. अंड्यासारखा चेंडू, मान कुठे संपते आणि खांदा कुठे सुरू होतो ते कळू नये असे गडी, आणि एकाच्या अंगावर चौघं. खाली कॉमेंट ठरलेली: 'ही तर आपली कबड्डी, फक्त चेंडू घेऊन.' अर्धं बरोबर आहे. उरलेलं अर्धं आज बघू, कारण त्या रील्समधल्या स्पर्धेत एक कप आहे जो आपल्या रुपयांतून बनलाय. अक्षरशः रुपयांतून, नाणी वितळवून.

स्पर्धेचं नाव सिक्स नेशन्स. देश सहा: इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स, आयर्लंड, फ्रान्स, इटली. (आयर्लंडचा संघ म्हणजे प्रजासत्ताक आणि उत्तर आयर्लंड मिळून एकच. राजकारणात दोन देश, रग्बीत एक.) दरवर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये प्रत्येक जण उरलेल्या पाचांशी एकेकदा खेळतो. पाच फेऱ्या, पंधरा सामने. सेमी नाही, फायनल नाही. शेवटी तक्त्यात जो वर तो जिंकला.

खेळ समजायला कबड्डीच धरा. कबड्डीत धरायचं फक्त चढाई करणाऱ्याला, इथे फक्त चेंडू हातात असलेल्याला. घोटा धरा, मांडी धरा, चालतं. खांद्याच्या वर हात गेला की शिक्षा. फरक पकड झाल्यावर पडतो. आपल्याकडे गडी धरला की चढाई संपली. रग्बीत पाडलेल्या गड्याला चेंडू सोडावा लागतो, आणि खरी रेटारेटी तिथून सुरू होते. दुसरी गोष्ट, हाताने पास पुढे द्यायचा नाही, मागे किंवा सरळ बाजूलाच. पुढे जायचं तर पळा नाहीतर लाथ मारा. ऐंशी मिनिटं हेच: मागे देत देत पुढे सरकायचं.

गुण असे. समोरच्याच्या गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवला की ट्राय, ५ गुण. त्यानंतर खांबांमधून एक किक मिळते, ती गेली तर आणखी २. समोरच्याने नियम मोडला आणि तुम्ही खांबांकडे किक मारली तर ३. चालू खेळात चेंडू जमिनीवर टप्पा देऊन मारलेली किक, ती पण ३. ट्रायनंतरची किक मात्र जिथे चेंडू टेकवला त्याच्या सरळ रेषेतून मारायची असते. म्हणून कोपऱ्यात ट्राय केला की किक अवघड. हे लक्षात ठेवा, लगेच लागणार आहे.

आता तो कप. १८७१ मध्ये एडिंबरोत इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्यात जगातला पहिला आंतरराष्ट्रीय रग्बी सामना झाला. पुढच्याच वर्षी नाताळच्या दिवशी कलकत्त्यातल्या गोऱ्यांनी तसाच एक सामना केला: एका बाजूला इंग्लंडचे वीस, दुसऱ्या बाजूला स्कॉटलंड, आयर्लंड आणि वेल्सचे मिळून वीस. मजा आली म्हणून जानेवारी १८७३ मध्ये कलकत्ता फुटबॉल क्लब निघाला. पाच वर्षांत बंदही पडला. कारणं सांगतात ती गमतीची आहेत: क्लबातली फुकटची दारू बंद झाली, रग्बी खेळणारी पलटण शहरातून गेली, आणि उरलेल्यांना त्या हवेत पोलो आणि टेनिस बरं वाटलं.

बँकेत जे पैसे उरले ते त्यांनी चांदीच्या रुपयांत काढले आणि वितळवून कप केला. आकडा सांगतात २७० रुपये. त्या काळचा चांदीचा रुपया बरोबर एक तोळ्याचा, जुना तोळा, ११.६६ ग्रॅमचा. म्हणजे २७० तोळे, तीन किलोच्या थोडं वर, आणि त्यात चांदी बारा भागांतले अकरा. कपाला तीन नागांचे तीन कान, झाकणावर हत्ती. तो इंग्लंडच्या रग्बी युनियनला दिला आणि १८७९ पासून इंग्लंड-स्कॉटलंड सामना त्यावर खेळला जातो. आज तो सामना सिक्स नेशन्सचाच भाग आहे. १९८८ मध्ये दोन्ही संघांतले एकेक वीर रात्री तो घेऊन एडिंबरोच्या रस्त्यावर भटकले आणि कप चेपून आणला. दुरुस्त केला, पण हत्तीवर काय गुदरलं असेल ते असो.

हा कप एका किकवर कसा जातो ते २०२५ मध्ये दिसलं. स्कॉटलंडचे तीन ट्राय, इंग्लंडचा एकच. तरी इंग्लंड १६–१५ ने जिंकलं. कसं? स्कॉटलंडच्या फिन रसेलच्या ट्रायनंतरच्या तिन्ही किक हुकल्या. तीन ट्रायचे १५, बाकी शून्य. इंग्लंडचे एका ट्रायचे ५, किकचे २ आणि पेनल्टीच्या तीन किकचे ९. शेवटचा ट्राय अगदी संपता संपता झाला, किक कडेवरून होती, गेली असती तर स्कॉटलंड सलग पाचव्यांदा कप घेऊन गेलं असतं.

आता तक्त्याचं गणित. मी दिवसभर कोड लिहितो, त्यामुळे मला यात सगळ्यात जास्त रस. 'बोनस' हा शब्द रत्नागिरीत कुणाला समजावून सांगायला नको, पण इथला बोनस वेगळा. जिंकला तर ४ गुण, बरोबरी २. चार किंवा जास्त ट्राय केले तर १ जादा, हरलात तरी. आणि ७ किंवा कमी गुणांनी हरलात तर आणखी १. ही पद्धत २०१७ मध्ये आली. नुसती एवढीच असती तर त्यात एक भोक राहिलं असतं. समजा एक संघ पाचही सामने जिंकला पण एकदाही चार ट्राय केले नाहीत: पाच चोक वीस. दुसरा संघ चार सामने बोनससह जिंकला, म्हणजे वीस, आणि पाचवा चार ट्राय करून थोडक्यात हरला, म्हणजे आणखी दोन. झाले बावीस. हरलेला पहिला आणि एकही न हरलेला दुसरा! म्हणून सुरुवातीलाच नियम जोडला: पाचही जिंकलात, म्हणजे ग्रँड स्लॅम केलात, तर वरून ३. वीस आणि तीन तेवीस. बावीसपेक्षा बरोबर एक जास्त. ज्याने हा तीन ठरवला त्याने वही-पेन घेऊन सगळ्यात वाईट शक्यता तपासली असणार. असा माणूस आमच्या टीममध्ये हवा.

२०२५ मध्ये हे बोनस कामाला आले. फ्रान्स, इंग्लंड आणि आयर्लंड, तिघांनी चार जिंकले, एक हरले. शिवाय तिघांनी एकमेकांनाच हरवलेलं: आयर्लंडने इंग्लंडला, इंग्लंडने फ्रान्सला, फ्रान्सने आयर्लंडला. शेवटी २१, २० आणि १९. फ्रान्स जिंकलं. जुन्या काळी असं झालं की विजेतेपद वाटून घ्यायचे. १९७३ मध्ये तर पाचच्या पाच देशांनी घरचे दोन जिंकले, बाहेरचे दोन हरले, आणि पाचही जण विजेते. असला निकाल आज कुठल्या प्रायोजकाला चालेल?

पाच देश म्हटलं ना, तिथेच मला यायचं होतं. १८८३ मध्ये ही स्पर्धा चार देशांची होती. १९१० मध्ये फ्रान्स आला. फ्रान्सचे क्लब खेळाडूंना चोरून पैसे देतात असा ठपका ठेवून १९३२ पासून त्याला बाहेर काढलं. परत खेळला तो १९४७ मध्ये. पैशाचं हे वावडं जुनं आहे. १८९५ मध्ये उत्तर इंग्लंडच्या क्लबांनी एवढंच मागितलं होतं की आमचे खेळाडू खाणीत, गिरणीत काम करतात, सामन्यासाठी बुडालेली मजुरी द्या. नाही म्हटल्यावर ते फुटले आणि रग्बी लीग हा वेगळाच खेळ झाला. हौसेखातर खेळा, म्हणजे ज्याला परवडतं त्याने खेळा. रग्बी युनियनने उघडपणे पैसे द्यायला १९९५ उजाडलं.

इटली आली २००० मध्ये. पहिल्याच सामन्यात रोममध्ये स्कॉटलंडला ३४–२० ने हरवलं. नंतर मात्र अशी घसरली की २०१५ ते २०२२ या काळात स्पर्धेत सलग ३६ सामने हरली. छत्तीस! ती रांग कार्डिफमध्ये तुटली, वेल्सविरुद्ध, २२–२१. शेवटच्या मिनिटांत अँजे कापुओत्सो नावाचा हडकुळा पोरगा आपल्याच अर्ध्यातून सुटला, तो सामना यूट्यूबवर शोधून बघा, माझ्या वर्णनाने त्याचं काही होणार नाही.

छत्तीस सामने हरूनही इटली स्पर्धेत कशी राहिली? कारण सिक्स नेशन्समधून कुणी खाली जात नाही आणि खालून कुणी वर येत नाही. खाली युरोपची दुसरी स्पर्धा आहे, रग्बी युरोप चॅम्पियनशिप. ती गेली कित्येक वर्षं जवळजवळ दरवेळी जॉर्जिया जिंकतो. जॉर्जिया म्हणजे काकेशस डोंगरातला छोटा देश, पण रग्बी तिथल्या मातीतली वाटावी अशी. त्यांचा लेलो नावाचा जुना गावखेळ आहे. शुखुती गावात ईस्टरला दोन वाड्या सोळा किलोच्या चेंडूसाठी एकमेकांवर तुटून पडतात आणि जिंकलेले तो चेंडू गावातल्या एखाद्या गेलेल्या माणसाच्या कबरीवर नेऊन ठेवतात. ट्रायला त्यांचा शब्द 'लेलो'च. २०२२ मध्ये या जॉर्जियाने जुलैमध्ये इटलीला २८–१९ ने आणि नोव्हेंबरमध्ये वेल्सला त्यांच्याच कार्डिफमध्ये १३–१२ ने हरवलं. दार तरी बंदच.

दाराआडून सांगितलं जाणारं कारण खोटं नाही. समजा वेल्स खाली गेला (२०२४ आणि २०२५ दोन्ही वर्षं तो तळाला होता). तिथली लोकसंख्या सुमारे ३१ लाख, म्हणजे आपले दोन रत्नागिरी जिल्हे. पण कार्डिफचं मैदान सत्तर हजारांहून जास्त माणसांचं, आणि तिथल्या युनियनचं पोट या सामन्यांवर. एक वर्ष इंग्लंड, आयर्लंड आले नाहीत तर पोरांच्या अकादमीला पैसे कुठून? शिवाय २०२१ मध्ये सीव्हीसी नावाच्या गुंतवणूक कंपनीने स्पर्धेचा साधारण सातवा हिस्सा घेतला, सुमारे ३६.५ कोटी पौंडांना. पैसे ओतलेला माणूस घर हलवू देत नाही.

तरी मला हे पटत नाही. सहावा आलेला आणि खालचा विजेता यांच्यात वर्षाला एकच सामना ठेवा, तोही सहाव्याच्या घरी. इतकी सवलत देऊनही हरलात तर मग काय बोलायचं? आपल्याकडच्या गावातल्या कबड्डी स्पर्धेत मंडळ प्रवेश फी भरतं, संघ उतरवतं, हरतं, घरी जातं. दरवर्षी आधीच ठरलेले सहाच संघ येणार म्हटलं तर मैदानाभोवती कोण उभं राहील?

अर्थात आपल्याकडची टीव्हीवरची प्रो कबड्डी पण तशीच बंद आहे, ते कबूल. आणि रग्बीचं दार आपल्याकडेही गोऱ्यांनी बंदच ठेवलं होतं. मुंबईत १८७५ चा बॉम्बे जिमखाना, फोर्टात आझाद मैदानाला लागून. भारतातला पहिला क्रिकेट कसोटी सामना १९३३ मध्ये तिथेच झाला. इंग्रजी राजवटीत तो क्लब युरोपियनांपुरता होता आणि मुंबईची रग्बी तिथे वाढली. कलकत्त्यात पलटण गेली तसा क्लब बंद पडला. गोऱ्यांबाहेर या खेळाला कुणी शिरूच दिलं नव्हतं. दार किलकिलं झालं ते फार उशिरा. नव्वदच्या दशकाअखेरीस मॅथ्यू स्पेसी नावाचा इंग्रज तिथे रग्बीचा सराव करायचा, आणि फुटपाथवर राहणारी पोरं कुंपणापलीकडून बघायची. त्याने त्यांना आत बोलावलं. त्यातून १९९९ मध्ये मॅजिक बस ही संस्था उभी राहिली.

पुढचं पटकन सांगतो. १९९८ मध्ये भारताचा संघ पहिल्यांदा आंतरराष्ट्रीय खेळला, त्यात अभिनेता राहुल बोस होता. जून २०१९ मध्ये मनिलात भारताच्या मुलींनी सिंगापूरला २१–१९ ने हरवलं, पंधरा जणींच्या खेळातला त्यांचा पहिला विजय. कर्णधार पुण्याची वाहबिझ भरूचा. जून २०२५ मध्ये अंधेरीच्या शहाजीराजे क्रीडा संकुलात रग्बी प्रीमियर लीग झाली, सात-सात जणांची, चेन्नई बुल्स जिंकले.

'रत्नागिरीत का नाही?' हा प्रश्न मला नक्की येणार म्हणून आत्ताच. गडी आहेत, पकड येते, मैदान नाही. रग्बीत माणूस पळत्या वेगात पडतो, आणि आपल्या सड्यावर खाली जांभा. कबड्डीचं मैदान लहान, तिथे माती आणून, चाळून, पाणी मारून तयार करता येतं. रग्बीला शंभर मीटर लांब गवत लागतं. म्हणून मुंबईतही हा खेळ पावसाळ्यातला. जमीन मऊ असते तेव्हाचा. आपल्याकडे पावसात सपाट आणि मऊ म्हणजे मळे, आणि तिथे भात असतं. उरतो समुद्रकिनारा. पाच-पाच जणांची बीच रग्बी हा मान्य प्रकार आहे, ओहोटीला वाळू घट्ट असते, आणि चेंडू सोडला तर खर्च नाही.

बघायचं असेल तर: सिक्स नेशन्सचे बरेच सामने शनिवारी, आपल्या घड्याळात संध्याकाळी पावणेआठच्या आणि रात्री सव्वादहाच्या सुमारास. इंग्लंड-स्कॉटलंड सम वर्षी एडिंबरोत, विषम वर्षी लंडनच्या ट्विकनममध्ये. पहिल्यांदा बघताना चेंडूकडे बघू नका, पाडलेल्या गड्याभोवती कोण आधी पोचतं ते बघा. पुढच्या भागात लेलोसारखे आणखी गावखेळ; तुमच्या गावात काही असेल तर व्हॉइस नोट पाठवा, एका मिनिटाच्या आत.